लॅब्रॅडॉरच्या पिल्लाचं ड्राय फूड : दाणे चांगले, पण मोठी पिशवी पावसाळ्यात घेऊ नका

उन्हाळ्यात पिल्लू घरी आलं तेव्हापासून एकाच कंपनीचं ‘लार्ज ब्रीड पपी’ वापरतेय. मे महिन्यात कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणाले असते. कोल्हापूरचा आषाढ-श्रावण काढल्यावर सांगते, दाणे घ्या, पण दहा किलोची पिशवी घेऊ नका. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पिशवीची झिप न टिकण्याची ही रड बऱ्याच कंपन्यांची आहे.

आधी चांगलं ते. चिंगी आमच्याकडे आली ती दूध-चपातीवर वाढलेली. पोट फुगलेलं, शी पातळ, अंगावर केस निस्तेज. सासूबाईंचं माहेर इथल्याच गंगावेशीतलं, म्हशी समोर पिळून देतात त्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्या त्या. “दुधाबिगर पिल्लू वाढंल का गं?” हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. आईचं दूध सुटलं की बहुतेक पिल्लांना दुधातली साखर नीट पचेनाशी होते, त्यात म्हशीचं दूध सायीचं, जड. आठवडाभरात जुनं कमी, नवं जास्त असं करत दाण्यांवर आणलं. शी घट्ट झाली, उचलली तर फरशीवर डाग राहीना. सासूबाईंनी दुधाचा आग्रह सोडला तो ते बघूनच. पिल्लाचं खाणं मानवतंय की नाही हे ताटलीपेक्षा मागच्या बाजूनं लवकर कळतं, त्यामुळे लाजू नका, रोज बघा.

हेच का निवडलं? लॅब मोठ्या जातीचा आणि मोठ्या जातीच्या पिल्लात कॅल्शियम हाच खरा प्रश्न. प्रथिनं सगळे बघतात. पशुखाद्याची मापं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफ्को संस्थेनुसार वाढत्या पिल्लाला कोरड्या वजनावर (म्हणजे खाण्यातलं पाणी वगळून) किमान २२.५ टक्के प्रथिनं लागतात, आणि तेवढी बऱ्याच पिशव्यांत असतात. पण त्याच मापात मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी कॅल्शियम १.८ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं आहे. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही. दिलं तेवढं बरंचसं आत जातं आणि हाडांची वाढ बिघडते. बऱ्याच पिशव्यांवर कॅल्शियमचं फक्त ‘किमान’ लिहिलेलं असतं. या पिशवीवर किमान आणि कमाल दोन्ही होतं, म्हणून घेतलं. एवढी एक ओळ वाचायला दुकानात दोन मिनिटं उभं राहावं लागलं तरी राहा.

आणि मग दुकानदार वर कॅल्शियमची बाटली हातात देतो. “लॅब हाय, पाय वाकडं होत्यात, घ्याच.” घेऊ नका. पूर्ण आहाराच्या दाण्यांवर वरून सिरप घातलं की कंपनीनं साधलेला हिशोबच मोडतो. आमच्या डॉक्टरांनी वजन, पाय बघून स्पष्ट नको सांगितलं. रविवारी मटण झालं की भाऊजी प्रेमानं नळी घेऊन यायचे, रस्सा कालवलेला भात घेऊन यायचे. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं, ते आतडं फाडू शकतं. रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. आता भाऊजींना मीठ-मसाला न घालता उकडलेल्या बिनहाडाच्या मटणाचे दोन तुकडे द्यायची मुभा आहे, तेही दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत.

आता पिशवी.

जूनमध्ये दहा किलोची घेतली, कारण किलोमागे बऱ्यापैकी पैसे वाचत होते. वरची प्लॅस्टिकची झिप पहिले पंधरा-वीस दिवस नीट लागली. मग डाव्या कोपऱ्यात पट्टी आतल्या थरापासून सुटली. दाबली की उजवीकडे बसते, डावीकडे उघडते. तिथं बोट घालून बघितलं तर खाचेत दाण्यांचा तेलकट चुरा बसलेला. पुसला, पुन्हा बसला. चिमटे लावले, दोरी बांधली. बाहेर पंचगंगा पात्राबाहेर, घरात कपडे तीन-तीन दिवस वाळेनात, अशा हवेत तो एक बोटभर कोपरा पुरतो. दाणे सादळले. दातांखाली कडकड वाजायचे ते नुसते दबायला लागले. जुलै संपता संपता वास बदलला, जुन्या शेंगदाण्याच्या तेलासारखा खवट. चिंगी ताटलीजवळ यायची, हुंगायची आणि माझ्याकडे बघत उभी राहायची. लॅब खाणं सोडतो तेव्हा ते नखरे नसतात. दाण्यांवर चरबीचा हात फिरवलेला असतो आणि दमट हवा लागली की ती चरबी आधी नासते.

पिशवी फोडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवावी. तिच्या वयाला लागणाऱ्या मापानं दहा किलो त्याच्या पुढे चालले होते, आणि झिपनं साथ दिली असती तर कदाचित निभावलं असतं. तळातले अडीच किलो टाकून दिले. दहातले अडीच म्हणजे पाव पैसे गेले, आणि मोठ्या पिशवीवर पाव पैसे काही वाचत नाहीत. मला राग त्याचाच आहे. एवढं महाग अन्न बनवता, प्रथिनांच्या जाहिराती करता, आणि काही रुपयांची पट्टी धड चिकटवता येत नाही?

कस्टमर केअरला फोन केला तर उघडलेल्या पिशवीची तक्रार घेत नाही म्हणाले. झिप उघडल्याशिवाय खराब कशी होणार, हे मी तीन वेगवेगळ्या माणसांना विचारलं. बिल, बॅच नंबर, झिपचे फोटो पाठवले. बिल दुकानदाराच्या हातचं, त्यावर बॅच नाही. पिशवी फेकलेली नव्हती म्हणून बॅच नंबर तरी देता आला.

एवढं लिहून ठेवलं होतं, नंतर कंपनीचा फोन आला. तीन किलोची पिशवी बदली पाठवली, फारसे प्रश्न न विचारता. म्हणून सेवेबद्दलचं माझं मत थोडं निवळलं. झिपबद्दलचं नाही, या पिशवीचीही पट्टी तीच आहे. फक्त तीन किलो ती सुटायच्या आत संपतात. चिंगी पुन्हा ताटली चाटते, वजन डॉक्टरांना हवं तसं चढतंय, फासळ्या हाताला लागतात पण दिसत नाहीत.

इथल्या लक्ष्मीपुरी बाजारात काही ठिकाणी फोडलेल्या पोत्यातून सुट्टं तोलून देतात, स्वस्त पडतं. त्यात बॅच नाही, तारीख नाही, पोतं कधीपासून उघडं आहे ते विचारलं तर “कालच फोडलंय”. पावसाळ्यात तर अजिबात नको. आणि स्टीलच्या डब्यात ठेवायचं असेल तर दाणे नुसते ओतू नका, मूळ पिशवीसकट ठेवा. डब्याच्या कडांना जुनं तेल राहतं, ते नव्या दाण्यांना लागतं, आणि पिशवी असली की तारीख हाताशी राहते. आमचा पिठाचा जुना डबा त्याच कामाला लागलाय.

दाण्यांना पाचपैकी साडेचार, पिशवीला एक. लॅबला वर्ष-सव्वा वर्षापर्यंत पपीचंच द्यायचं आहे, तोपर्यंत हेच घेणार, तीन किलोचंच.