‘भावाला कुठे जायला नको’ म्हणाला आणि 33,700 घेऊन गेला

बडोद्यातल्या दांडिया बाजारातलं बाबांचं घर विकायचं होतं. त्यावर माझं आणि धाकट्या भावाचं नाव, भाऊ न्यू जर्सीला. त्याला रजा मिळेना आणि घेणारी पार्टी दस्तासाठी घाई करत होती, म्हणून त्याच्या वतीने मला सही करता यावी अशी पॉवर ऑफ अटर्नी माझ्या नावाने करायची ठरली. कोठीजवळ बसणारा एक एजंट ओळखीतूनच कळला, आपला मराठी माणूस, सारखं ताई ताई. म्हणाला भाऊंना कुठे जायला नको, सही करून कागद न्यूयॉर्कमधल्या माझ्या माणसाला पोस्टाने पाठवू दे, तो तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमधून अटेस्ट करून आणतो.

आधी 18,500. मग अर्जंट अपॉइंटमेंटचे 9,200. कागद आल्यावर इथल्या स्टॅम्पचं बघतो म्हणून 6,000. सगळे यूपीआयने. आणि भावाच्या पासपोर्टचे फोटो व्हॉट्सॲपवर दिलेत ते वेगळेच, ते आता कुठे फिरतायत कोण जाणे.

कागद हातात आला तेव्हा गोल शिक्का होता, ‘एम्बसी ऑफ इंडिया, न्यूयॉर्क’. अहो, एम्बसी वॉशिंग्टनला आहे, न्यूयॉर्कला कॉन्सुलेट जनरल! आणि शिक्क्याखाली इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं की सही करणाऱ्याने स्वतः हजर राहून माझ्यासमोर सही केली. भावाने तर त्या इमारतीत पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं! ती ओळ मी वाचली होती हो, चष्मा लावून वाचली, भावाला फोटो पण पाठवला, तो म्हणाला असेल तशी पद्धत. आज ती ओळ आठवली की अंगाची आग होते. पण सरकारी कागदावर काय लिहितात हे आमच्यासारख्यांना कुठून माहीत असणार, पार्टी रोज फोन करत होती आणि ओळखीच्याने सांगितलेला माणूस होता, कोणीही विश्वास ठेवला असता.

सब-रजिस्ट्रारकडे गेलो तर क्लार्कने शिक्का बघून कागद बाजूलाच ठेवला. पार्टीने टोकनचे 51,000 परत मागितले, दिले.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. मग पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, हा आपसातला व्यवहार. दुसऱ्या साहेबांचं वेगळंच, शिक्का अमेरिकेतला म्हणजे आमची हद्द नाही. हद्द नाही? माणूस इथला, पैसे इथे घेतले, कागद इथे दिला! नव्या कायद्यात, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, गुन्हा कुठेही घडला तरी ठाण्याला माहिती घ्यावीच लागते, मी ते छापून नेलं तर म्हणाले आम्हाला कायदा शिकवू नका. मग अर्ज घेतला, पोच दिली नाही, पुन्हा गेले तर तो अर्जच सापडेना. खोटा सरकारी शिक्का हातात घेऊन उभी आहे मी आणि हे मला विचारतायत की नातेवाईकांत भांडण आहे का! आता त्याच कलमाखाली वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने पाठवलंय. ठाण्यात जाल तर पोच घेतल्याशिवाय उठू नका.

सही करणारा हजर नसताना अटेस्ट होतच नाही. नोटरी असो, कॉन्सुल असो, रजिस्ट्रेशन कायद्याचं कलम 33 हेच सांगतं की सही त्यांच्यासमोर व्हायला हवी. ‘जायला नको’ हे शब्द ऐकले की तिथून उठा. कॉन्सुलेटच्या कामाची पावती अर्जदाराच्या नावाने निघते, ती मागा, एजंटच्या मेसेजवर भागवू नका. भाऊ आता तिथल्या नोटरीसमोर सही करून त्याच राज्याकडून अपोस्टील, म्हणजे करारातल्या दुसऱ्या देशातही मानला जाणारा सरकारी दाखला, घेतोय; अमेरिका या हेग करारात 1981 पासून आहे आणि आपण 2005 पासून, तरी आपल्या सब-रजिस्ट्रारकडे काय चालतं ते आधी विचारून घ्या. कागद भारतात आला की तीन महिन्यांत स्टॅम्प भरायचा, ते लोंबकळत ठेवू नका. आणि इथले कागद तिकडे पाठवणाऱ्यांनो, परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टीलची फी एका कागदाला फक्त 50 रुपये आहे, वर सर्व्हिस चार्ज, कोणी हजारो सांगितले तर हिशोब लिहून मागा. पासपोर्टची कॉपी द्यावीच लागली तर त्यावर कशासाठी दिली ते आडवं लिहून द्या.

कोठीजवळून कोणी असा कागद करून घेतला असेल तर शिक्क्यावर ‘एम्बसी ऑफ इंडिया, न्यूयॉर्क’ आहे का ते आजच बघा, आणि असेल तर तुमचीही तक्रार द्या. एकट्या बाईच्या अर्जाला ते आपसातला व्यवहार म्हणतात, तीन-चार जणांचे अर्ज आले तर तसं म्हणता येणार नाही.