ऑफिस, शिपाई, स्वयंपाकघर : सगळ्यांसाठी झालेलं प्रशिक्षण

मी एका अनुदानित हायस्कूलमध्ये वरिष्ठ लिपिक आहे, 22 वर्षं झाली. प्रशिक्षण म्हटलं की शिक्षक जातात आणि आम्ही ऑफिसात त्यांचे हजेरीचे कागद करतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांच्या मानसिक आरोग्यावर दोन दिवसांचं प्रशिक्षण शाळेतच झालं, तेव्हा मात्र हेडसरांनी सांगितलं, ऑफिस, लॅब, शिपाई, पोषण आहाराच्या ताई, सगळ्यांनी बसायचं. बाहेरगावच्या एका संस्थेच्या दोन समुपदेशक आल्या होत्या. माणशी 600 रुपये, शाळेने भरले. आसपासच्या दोन-तीन शाळांतून विचारणा झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलंय की शिक्षक आणि शिक्षकेतर, दोघांनाही वर्षातून किमान दोनदा असं प्रशिक्षण द्या. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर समुपदेशक हवा, असंही त्यात आहे. आमच्याकडे 640 मुलं आहेत, समुपदेशक नाही. मग मूल बोलणार कोणाशी? जो समोर असेल त्याच्याशी. आणि बऱ्याचदा समोर आम्ही असतो. बोनाफाईड, एसटीचा पास, फीची मुदत, सगळं माझ्या खिडकीवर. वर्षाच्या मध्येच कुणी दाखला मागायला येतं, आईचे डोळे सुजलेले, मुलगी फरशीकडे बघतेय, आणि मी विचारते, "कारण काय लिहू?"

सगळ्यात जास्त शिकवून गेला तो घड्याळ लावून केलेला ऐकण्याचा सराव. आमचे शिपाई मामा झाले नववीतला मुलगा, मी मीच. मी फक्त ऐकायचं आणि विचारायचं, सल्ला द्यायचा नाही. मामा म्हणाले, "मॅडम, मला शाळेत यावंसंच वाटत नाही." अकराव्या सेकंदाला माझ्या तोंडून गेलं, "असं बोलू नये बाळा, आईवडील किती कष्ट करतात बघ." मामांनी मान खाली घातली, "हो मॅडम" म्हणाले आणि गप्प झाले. समुपदेशक मॅडमनी घड्याळ थांबवून मामांना विचारलं, आता काय वाटतंय? मामा म्हणाले, "आता मी कुणालाच काही सांगणार नाही." हे कष्टाचं वाक्य मी 22 वर्षांत किती पोरांना ऐकवलं असेल, त्याचा हिशेब मी त्या रात्री करत बसले होते.

दुसऱ्या वेळी मी एवढंच विचारलं, "वाटत नाही म्हणजे काय होतं रे?" आणि थांबले. मामा बोलत राहिले. मध्येच कुठेतरी ते नववीतल्या मुलाचं बोलणं राहिलं नाही. दुसऱ्या समुपदेशक मॅडमच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी सराव तिथेच थांबवला, मामांना बाहेर व्हरांड्यात नेलं, अर्धा तास त्यांच्याजवळ बसल्या. आत आल्यावर त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. 600 रुपये मला तिथेच वसूल वाटले.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे जीव द्यायच्या विचारांबद्दल थेट विचारणं. विचारलं तर मुलाच्या डोक्यात नको ते येईल, अशी आमची सगळ्यांची समजूत होती. तसं होत नाही, उलट मुलाला मोकळं वाटू शकतं, हे त्यांनी नीट समजावलं. मग जोडीजोडीने एकमेकांकडे बघून म्हणायला लावलं, "जीव द्यायचे विचार मनात येतात का?" पहिल्यांदा माझा आवाज फुटला नाही. चौथ्यांदा फुटला. उत्तर हो आलं तर मुलाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी घरचे नि डॉक्टर, दोघांपर्यंत पोचायचं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, शिपायालासुद्धा, हे आमच्यापैकी निम्म्यांना माहीत नव्हतं.

आता तक्रारी. पडद्यावरचा मजकूर सगळा इंग्रजीत होता. दुसऱ्या दिवशी दुपारचा तासभर आजारांचे प्रकार वाचून दाखवण्यात गेला, तो वेळ सरावाला हवा होता. ताईंना खिचडी टाकायची असल्याने त्या दोन्ही दिवस एकपर्यंत येऊ शकल्या नाहीत. खरं तर आल्या आल्या एका ताईंनी सांगितलं, सातवीतली एक मुलगी आधी दोनदा वाढून घ्यायची, आता ताट तसंच परत देते, महिना झाला. वर्गशिक्षिकेला पत्ता नव्हता. "मी काय सांगणार, म्हणून बोलले नाही," म्हणाल्या.

आणि "तज्ज्ञांकडे पाठवा" म्हणजे कुठे? आमच्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही. जिल्हा रुग्णालयात जायचं तर बापाचा दिवसाचा रोज बुडतो. जवळच्या डॉक्टरांची यादी, ओपीडीचे वार, हे संस्थेने आधी काढून आणायला हवं होतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मात्र त्यांनी तिथेच लावून दाखवला. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. मी तो माझ्या खिडकीच्या काचेवर बाहेरच्या बाजूने चिकटवलाय, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला.

बोलावणार असाल तर तीन गोष्टी आधी ठरवून घ्या. मजकूर मराठीत मागा. ताईंसाठी दुपारी दोननंतर वेगळं सत्र ठेवा. आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत येणार का, ते लेखी घ्या. आम्ही घेतलं नव्हतं, आता फोन करतोय.