बांबर्ग, ब्रुज की प्राग? बिअर आणि जेवणासाठी कुठल्या जुन्या शहरात मुक्काम करावा

युरोपच्या सहलीत दोन रात्री मोकळ्या आहेत आणि त्या चांगली बिअर, तिच्या जोडीचं तिथलं जेवण यासाठीच राखायच्या आहेत, तर निवड बहुतेक वेळा या तीन शहरांत होते. जर्मनीतलं बांबर्ग, बेल्जियममधलं ब्रुज आणि चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग. तिन्ही युनेस्कोच्या यादीत आहेत (प्राग 1992, बांबर्ग 1993, ब्रुज 2000). वास्तू तिन्हीकडे डोळे निवतील अशा आहेत, त्यामुळे त्यावरून ठरवू नका. बिअर कुठे बनते, किती कडक असते आणि ताटात कुठलं मांस येतं, यावरून ठरवा.

आमचं मत आधीच सांगतो. बिअरसाठीच जाणार असाल तर बांबर्ग. सोबत शाकाहारी किंवा न पिणारं कुणी असेल तर प्राग. ब्रुज त्यांच्यासाठी, ज्यांना एका शहरात बसून अख्ख्या बेल्जियमच्या बाटल्या चाखायच्या आहेत.

बांबर्गची खासियत म्हणजे तिथली धुराची बिअर, राउखबिअर. पूर्वी माल्ट (मोड आणलेलं जव) बहुतेक ठिकाणी लाकडाच्या जाळावर वाळवत, त्यामुळे धूर बिअरमध्ये उतरत असे. पुढे धुराशिवाय वाळवण्याच्या भट्ट्या आल्या आणि इतर ठिकाणच्या बिअरमधला धूर नाहीसा झाला. श्लेंकर्ला आणि श्पेत्सिआल या इथल्या दोन ब्रूअरी-घरांनी मात्र बीच झाडाच्या लाकडावर स्वतःचं माल्ट वाळवणं सोडलं नाही. श्लेंकर्लाची मेर्त्सन नावाची धुराची बिअर गडद तपकिरी, 5.1 टक्क्यांची असते आणि लाकडी पिंपातून सरळ ग्लासात येते. पहिल्या घोटाला चुलीत भाजलेल्या वांग्यासारखा धूर नाकात भरतो. बरेच जण इथेच ग्लास बाजूला सारतात आणि फसतात. नाक धुराला सरावायला अर्धा ग्लास तरी जातो, त्यानंतर खालची माल्टची गोडी कळू लागते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ओबेरे क्योनिगश्ट्रासवर श्पेत्सिआल, तिथला धूर सौम्य आहे. मग समोरच्याच फेस्लामध्ये बिनधुराची एक. श्लेंकर्ला त्यानंतर. उलट क्रमाने गेलात तर श्पेत्सिआलचा नाजूक धूर जाणवणारच नाही.

धूर नकोच असेल तर वुंडरबुर्ग भागात जा. मार्स ब्रॉय आणि केसमान ही दोन ब्रूअरी-घरं तिथे समोरासमोर आहेत. मार्सकडे ‘उनगेश्पुंडेट’ मागवा. ही बिअर मुरताना टाकीतला वायू कोंडून ठेवत नाहीत, त्यामुळे तिला बुडबुडे कमी आणि पोत मऊ असतो. ती फिकी वाटली तर शिळी समजू नका. केसमानची पिल्स (फिकट सोनेरी बिअर) याच्या अगदी उलट, कोरडी आणि कडसर.

जेवणात शॉयफर्ला चुकवू नका. डुकराच्या खांद्याचा हाडासकट तुकडा तासन्‌तास भाजतात, वरची कातडी कुरकुरीत होते, सोबत बटाट्याचा मोठा गोळा आणि कोबी. हा पदार्थ बऱ्याचदा दुपारीच संपतो, तेव्हा साडेबारापर्यंत टेबलावर बसलेलं बरं. बांबर्गर त्सविबल म्हणजे खिमा भरलेला कांदा, धुराच्या बिअरच्या रश्श्यात. ब्लाऊए त्सिप्फल म्हणजे व्हिनेगर-कांद्याच्या पाण्यात शिजवलेली सॉसेजेस, जड जेवण नको असेल तेव्हा उत्तम.

शाकाहाऱ्यांची इथे खरंच पंचाईत होते. आंबट कोबीत बऱ्याचदा चरबी असते आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचं पाणी. ओबात्स्दा (चीज-लोण्याचं तिखटसर मिश्रण, पावासोबत) आणि चीज घातलेले श्पेत्सले (मऊ अंडा-नूडल्स) एवढ्यावर दोन दिवस काढावे लागतात. उन्हाळ्यात मात्र एक सोय आहे. टेकडीवरच्या बिअर-बागांना इथे केलर म्हणतात. बव्हेरियातल्या अशा बागांत बिअर तिथलीच घ्यायची आणि खाणं घरचं न्यायचं, ही जुनी रीत आहे. काउंटरवर आधी विचारून घ्या आणि कापड न घातलेल्या टेबलावर बसा. डब्यात दशम्या-चटणी असेल तर श्पेत्सिआल-केलरवर कॅथेड्रलचे मनोरे समोर ठेवून झकास जेवण होतं. पाऊस असेल तर हा बेत सोडून द्या.

अनोळखी टेबलावर बसण्याआधी ‘इस्ट हीअर फ्राय?’ (इथे जागा मोकळी आहे का?) असं विचारायचं. ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेलं टेबल रोजच्या गिऱ्हाइकांचं असतं, तिथे बसू नये. रोख युरो जवळ असू द्या. न्यूरेंबर्गहून रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येतं.

ब्रुजचं गणित वेगळं आहे. गावात बनणारी बिअर थोडी, बाहेरून येणारी अफाट. गावातलं मोठं नाव म्हणजे दे हाल्वे मान ही ब्रूअरी. त्यांनी 2016 मध्ये ब्रूअरीपासून गावाबाहेरच्या बाटली-कारखान्यापर्यंत सुमारे 3 किलोमीटरची भूमिगत पाइपलाइन टाकली, अरुंद गल्ल्यांतून टँकर फिरू नयेत म्हणून. त्यांची ब्रुग्स झॉट 6 टक्क्यांची, स्ट्राफे हेंड्रिक ट्रिपल (ट्रिपल म्हणजे कडक, फिकट रंगाची बेल्जियन बिअर) 9 टक्क्यांची. पण खरी मजा केमेलस्ट्राटवरच्या ब्रुग्स बेअर्ट्येसारख्या छोट्या पबमध्ये आहे. तिथली बिअरची यादी हातात घेतली की पुस्तक उघडल्यासारखं वाटतं. मोठ्या चौकाजवळच्या गल्लीतल्या दे गार्रेमध्ये 11 टक्क्यांची ट्रिपल मिळते, सोबत चीजचे तुकडे. माणशी तीनच ग्लास देतात, आणि तो नियम योग्यच आहे.

आपल्याकडचे पाहुणे चुकतात ते इथेच. ग्लास लहान म्हणून बिअर हलकी समजतात. हिशेब करून पाहा: बांबर्गच्या 5.1 टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये साधारण 25 मिली अल्कोहोल, तर ब्रुजच्या 9 टक्क्यांच्या 330 मिलीमध्ये जवळपास 30 मिली. 11 टक्क्यांच्या तेवढ्याच बाटलीत 36. संध्याकाळी दोन कडक ग्लास पुरे, मध्ये पाणी मागवा (पाण्याचे पैसे पडतात). सुरुवात रोडेनबाखसारख्या आंबूस, साधारण 5 टक्क्यांच्या बिअरने करा. कोळंबीच्या क्रोकेट्ससोबत ती फार छान जुळते. बाटलीत तळाला यीस्टचा साका असतो, बोटभर बिअर बाटलीतच ठेवून ओता, नाहीतर चव गढूळ होते. वेस्टव्लेटेरन 12 ही मठातल्या साधूंची बिअर स्मरणिकांच्या दुकानात दिसेल, पण मठात मिळते त्याच्या कित्येक पट किमतीला. त्या बजेटमध्ये पबात तीन वेगळ्या बिअर चाखून होतात.

गोमांस खात नसाल तर ब्रुजमध्ये जपून. स्टोफ्लेस, म्हणजे बिअरमध्ये शिजवलेलं मांस, हे बहुतेक वेळा गोमांसच असतं. फ्राइज पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात, त्यामुळे वनस्पती तेल वापरतात का, हे शाकाहाऱ्यांनीही विचारायलाच हवं. शिंपले खाणाऱ्यांची मात्र चंगळ.

प्रागमध्ये प्रकार कमी, पण ओतण्याची कला जगात भारी. लोकाल नावाच्या पबमध्ये पिल्सनर उर्क्वेल ही प्रसिद्ध चेक बिअर पाश्चराइज न करता टाकीतून येते. ‘ह्लादिंका’ म्हणजे नेहमीचा ग्लास, वर दाट फेस. ‘म्लीको’ म्हणजे जवळजवळ सगळा फेस, गोडसर, लगेच संपवायचा. फेस कमी करा म्हणू नका, तोच बिअर ताजी ठेवतो. यादीतले 10 आणि 12 हे आकडे अल्कोहोलचे टक्के नव्हेत, आंबवण्याआधीच्या माल्टच्या काढ्यातल्या साखरेचे अंश आहेत. 12 म्हणजे सुमारे 5 टक्के. 1499 पासूनच्या उ फ्लेकू या ब्रूअरी-पबमध्ये 13 अंशाची काळी बिअर सुरेख असते, पण वेटर दारूच्या छोट्या ग्लासांचा ट्रे पुढे करतो. तो फुकट नसतो, मान हलवून नाही म्हणा. नवी क्राफ्ट बिअर हवी तर नुस्ले भागातला झ्ली चासी हा पब गाठा.

स्विच्कोवा (मलईच्या रश्श्यातलं मांस) आणि बहुतेक गुलाश (मांसाचा दाट रस्सा) गोमांसाचे असतात. ‘होव्येझी’ म्हणजे गोमांस, ‘वेप्रोवे’ डुकराचं, ‘कुर्झेत्सी’ कोंबडीचं, एवढे तीन शब्द फोनमध्ये ठेवा. शाकाहाऱ्यांना तळलेलं चीज आणि तेल-मिरची-कांद्यात मुरवलेलं हर्मेलिन हे मऊ चीज जवळपास प्रत्येक पबात मिळतं, आणि कंटाळा आलाच तर शहर मोठं आहे, भारतीय जेवणही सापडतं. उ झ्लातेहो तिग्रा या जुन्या पबमध्ये बसायचं तर दुपारी 3 ला दार उघडण्याआधी रांगेत उभं राहा. ग्लास संपला की न विचारता दुसरा येतो. थांबायचं असेल तर ग्लासावर ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती ठेवा.