चालकाविना नऊ महिने: सॅन फ्रान्सिस्कोतील अनुभव

सॅन फ्रान्सिस्कोतील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी काम करते. आठवड्यातून तीन दिवस माझी ड्यूटी रात्री साडेअकराला सुटते आणि एप्रिल २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत त्यांपैकी बहुतेक रात्री मी 'वेमो' कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीने घरी आले. शंभराच्या आसपास फेऱ्या झाल्या आहेत. "भीती वाटत नाही का?" असे ओळखीतला प्रत्येक जण विचारतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या रात्री भीती वाटली. रिकाम्या आसनासमोर स्टिअरिंग आपले आपण वळताना पाहून मी मागच्या सीटवर पायाखाली ब्रेक शोधत होते. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत ते थांबले आणि महिन्याभराने मला गाडीत डुलकी लागली. हा विश्वास आकडेवारी वाचून आलेला नाही. उभ्या ट्रकच्या आडून येणारा माणूस मला दिसण्याआधी समोरच्या पडद्यावर उमटतो आणि तोवर गाडीचा वेग कमी झालेला असतो. चारही बाजूंना थांबण्याच्या पाट्या असलेल्या चौकात ती आपला क्रम येईपर्यंत थांबते. सिग्नल पिवळा झाला म्हणून घाई करत नाही. हे रोज तसेच घडत गेले, म्हणून मन निर्धास्त झाले. शिवाय मध्यरात्री अनोळखी चालकाने "एकट्याच राहता का?" असे विचारले तर काय सांगावे, ही धास्ती उरली नाही. माझ्या दृष्टीने हा या गाडीचा सर्वांत मोठा गुण आहे.

उणिवाही आहेत. भाडे चालक असलेल्या टॅक्सीपेक्षा बहुधा चार-पाच डॉलरने जास्त पडते. टिप द्यावी लागत नाही, एवढाच दिलासा. दारासमोर थांबण्याजोगी जागा नाही असे गाडीने ठरवले, की ती कोपऱ्यापलीकडे उतरवते. पावसात हातात पिशव्या घेऊन ती शंभर-दीडशे पावले चालणे जाचते आणि "जरा पुढे घ्या" असे म्हणायला समोर कोणी नसते.

ऑगस्टमध्ये सांगलीहून आई आली होती. ती गाडीत शांतपणे बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "अगं, चालली छान, पण कोणाला लागलं-बिगलं तर जाब विचारायचा कोणाला?" पुढच्याच महिन्यात शेजारच्या सॅन ब्रुनो शहरात पोलिसांनी बेकायदा यू-टर्न घेणारी अशी एक गाडी अडवली, तेव्हा ज्याच्या नावाने दंडाची पावती फाडावी असा चालकच नव्हता. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार जुलै २०२६ पासून पोलिसांना अशा वेळी थेट कंपनीच्या नावाने नियमभंगाची नोटीस काढण्याची मुभा आहे. पण गाड्या रस्त्यावर आधी आल्या आणि कायदा मागून आला, हे मला पटत नाही.

'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संघटनेने २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतील ६१ टक्के चालकांनी अशा गाडीत बसण्याची भीती व्यक्त केली; विश्वास दाखवणारे केवळ १३ टक्के होते. घाबरणाऱ्यांना अनाडी म्हणणे मला अयोग्य वाटते. गाडीत बसायचे की नाही हे मी ठरवते, पण जिच्यासमोरून रस्ता ओलांडायचा ती गाडी पादचाऱ्याने निवडलेली नसते. १० ऑगस्ट २०२३ रोजी अशा सेवांना परवाने देणाऱ्या राज्याच्या आयोगाने 'वेमो' आणि 'क्रूझ' या दोन कंपन्यांना चोवीस तास भाडे घेऊन सेवा देण्याची परवानगी तीन विरुद्ध एक मतांनी दिली, तेव्हा त्याआधी सहा तासांहून अधिक वेळ नागरिक बोलत होते. दृष्टिहीन व्यक्ती बाजूने बोलल्या, कारण मार्गदर्शक कुत्र्यासह त्यांना नाकारणारा चालक या गाडीत नसतो. टॅक्सीचालक विरोधात होते आणि आपल्या बंबांना वाट मिळत नाही अशी अग्निशमन दलाची तक्रार होती.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, २ ऑक्टोबरला, दुसऱ्या मोटारीच्या धडकेने एक स्त्री 'क्रूझ' कंपनीच्या गाडीसमोर फेकली गेली आणि त्या गाडीने थांबल्यावर पुन्हा कडेला सरकताना तिला सुमारे वीस फूट फरफटत नेले. अपघाताइतकाच संताप झाला तो फरफटीची माहिती कंपनीने अधिकाऱ्यांना सरळपणे दिली नाही याचा. परवाना स्थगित झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये मूळ कंपनीने क्रूझची ही सेवा गुंडाळली.

२० डिसेंबर २०२५ रोजी वीज उपकेंद्रातील आगीमुळे शहराचा मोठा भाग अंधारात गेला. सिग्नल बंद पडल्यावर या गाड्या दूरच्या नियंत्रकांकडे खात्री करून घेऊ लागल्या. विचारणा एकाच वेळी इतक्या झाल्या, की कित्येक गाड्या चौकांतच थांबून राहिल्या. भूकंपाच्या या शहरात रुग्णवाहिकेला वाट हवी असेल तेव्हा असेच झाले तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, असे नितीन गडकरी चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन सांगत आले आहेत. पूर्वी मला ते टोकाचे वाटे. पण ज्यांच्या टॅक्सीने मी आधी घरी येत असे, ते जालंधरचे वयस्कर गृहस्थ आजही रात्री रुग्णालयाबाहेर उभे असतात. त्यांनी विचारले तेव्हा मी खरे ते सांगितले, की तुम्ही नसाल त्या रात्री अनोळखी माणसापेक्षा मला ती गाडी बरी वाटते, आणि तुम्ही असाल त्या रात्री मी तुमच्याच टॅक्सीने जाईन. आई परत निघाली तेव्हा विमानतळावर त्यांनीच सोडले, दोन्ही बॅगा आतपर्यंत नेऊन दिल्या आणि ती दारातून दिसेनाशी होईपर्यंत ते माझ्याबरोबर थांबले.