जपानी तलवारीसोबतचा सरकारी कागद म्हणजे कारागिराची हमी नव्हे

टोकियोत राहणारं किंवा तिकडे जाणारं कुणी जुनी जपानी तलवार घेण्याच्या विचारात असेल, तर आधी हे वाचा. मला एका दुकानदाराने अगदी पद्धतशीर फसवलं आहे.

त्याने दाखवलेली वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार, नागासोने कोतेत्सुची असल्याचं सांगितलं. कोतेत्सु हा सतराव्या शतकातला एदोचा, म्हणजे आजच्या टोकियोचा, नामांकित कारागीर; आधी चिलखतं घडवायचा. मुठीत बसणाऱ्या भागावर त्याचं नाव कोरलेलं होतं आणि सोबतच्या शिक्क्याच्या कागदावरही तेच. "सरकारदरबारी नोंद आहे, आणखी काय पुरावा हवा?" दुकानदार म्हणाला. किंमत कमी का, तर वारसांना विकायची घाई आहे.

कागद खरा आहे. फसवणूक नेमकी तिथेच आहे. जपानमध्ये अशा तलवारीची नोंदणी लागते आणि ती प्रांताचं शिक्षण मंडळ करतं. त्यात लांबी, बाक, खुंटीची भोकं आणि कोरलेली अक्षरं जशी दिसतात तशी उतरवून घेतात. अक्षरं त्या कारागिराचीच आहेत का, हे तिथे ठरवत नाहीत. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक होतं.

नंतर एका जाणत्या शिकलगाराला तलवार दाखवली. त्याने नावाकडे बघितलंच नाही, आधी पातं उजेडात तिरकं धरलं. कोतेत्सुच्या ओळखीच्या कामात धारेलगतची पाण्याची रेषा जपमाळेच्या मण्यांसारखी गोल गोल चढते. इथे तसं काही नव्हतं. मग अक्षरं पाहिली. भोवतीचा गंज जुना, काळपट, पण छिन्नीचे घाव त्या गंजाला कापून गेलेले, म्हणजे नाव मागाहून कोरलेलं. अर्थात गंजावरून नेहमीच कळेल असं नाही, कारण कोतेत्सुच्या नावाच्या कित्येक नकला एदो काळातच, म्हणजे 1868 च्या आधीच, झाल्या आहेत आणि त्यांच्यावरही तसाच गंज चढलेला असतो.

पारख करून प्रमाणपत्र देणारी संस्था वेगळी: निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई (जपानी कलात्मक तलवारी जपणारी संस्था, थोडक्यात क्योकाई), स्थापना 1948. तिथे आमची तलवार खोट्या नावामुळे नापास झाली. दुकानदार आता म्हणतो, नोंदणी खरी दिली, माझी जबाबदारी संपली. पावतीवर त्याने 'वाकिझाशी, नोंदणीसह' एवढंच लिहिलंय. तोंडाने दहादा घेतलेलं कोतेत्सुचं नाव त्यात कुठेच नाही. पैसे द्यायच्या आधी कारागिराचं नाव आणि 'क्योकाईने नाकारल्यास पूर्ण रक्कम परत' ही ओळ पावतीवर लिहून, शिक्का मारून घ्या.