ओमेगा सीमास्टर घरी धुतोय: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये पन्नाशीचं निमित्त करून सीमास्टर डायव्हर 300 एम घेतलं. निळी तबकडी, स्टीलचा पट्टा, 42 मिलिमीटर. किंमत सांगत नाही. घरी सांगितलेला आकडा आणि इथला आकडा वेगळा निघायला नको. घड्याळ चालतं कसं, दिवसाला किती सेकंद चुकतं, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितोय ते फक्त ते स्वच्छ ठेवण्याबद्दल, कारण नऊ महिन्यांत त्याचं जे काही नुकसान झालं ते सगळं मी साफसफाई करतानाच केलं.

पहिले दोन महिने त्याला पाणी लागू दिलं नाही. 30 बारचा, म्हणजे 300 मीटर खोल पाण्याइतका दाब सोसणारं घड्याळ, आणि मी हात धुताना ते काढून कपाटावर ठेवायचो! त्याऐवजी पुसायचो. लोकलमध्ये रुमालाने, ऑफिसात शर्टाच्या टोकाने, रात्री टीव्ही बघताना चष्म्याच्या फडक्याने. जुलैअखेर एकदा खिडकीतल्या उन्हात धरलं तर क्लॅस्पवर (पट्ट्याच्या बकलवर) आणि पट्ट्याच्या चकचकीत कड्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. धुळीत वाळूचे कण असतात, त्यातलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्स मापावर 7, स्टील त्याच्या खाली. म्हणजे मी दोन महिने रोज नेमाने घड्याळावर पॉलिश पेपर फिरवत होतो. काच सफायरची, कठीणपणा 9, तिला काही झालेलं नाही. बेझेल (काचेभोवतीचं फिरणारं कडं) सिरॅमिकचं, तेही जसंच्या तसं आहे.

ऑगस्टमध्ये मनगटाला खाज सुटली. आधी वाटलं स्टीलची ॲलर्जी. मग रात्री मोबाइलचा टॉर्च लावून पट्टा वाकवून पाहिला. कड्यांच्या सांध्यांत राखाडी लगदा बसला होता: घाम, मेलेली कातडी, सनस्क्रीन, धूळ. टूथपिकने टोकरला तर वास असा की बायकोने नाक दाबून खोली सोडली. या पट्ट्याचं 316 एल स्टील गंजत नाही असं आपण म्हणतो ते त्यावरच्या अतिशय पातळ ऑक्साइडच्या थरामुळे, आणि तो थर टिकायला हवा लागते. मळाखाली हवा पोचत नाही, घामातलं मीठ मात्र तिथेच साठून राहतं. असं वर्षानुवर्षं राहिलं तर चांगल्या स्टीललाही आतून खड्डे पडतात.

तरीही धुवायची हिंमत झाली ती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, आणि तीही नाइलाजाने. मिरवणुकीत घड्याळ हातात राहून गेलं. गुलाल पट्ट्याच्या प्रत्येक फटीत, बेझेलच्या खाचांत, बकलच्या आत. आत्या म्हणाली, "अरे, पितांबरी लाव, समईसारखं लखलखेल." समईला लखलखायचंच असतं, या घड्याळाच्या निम्म्या पृष्ठभागावर मुद्दाम मॅट ठेवलेल्या सरळ रेघा आहेत, त्या एकदा घासून गेल्या की गेल्या. दागिन्यांचं पॉलिश लावलेलं कापडसुद्धा त्याच कारणाने नको.

शेवटी स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घेतलं, त्यात लहान मुलांच्या शांपूचे दोन थेंब. भांड्यांचं लिक्विडही चालतं, पण दोनच थेंब. क्लॅस्प उघडा ठेवून पट्टा बुडवला आणि मऊ बेबी ब्रश आडवा न फिरवता कड्यांच्या सांध्यांवर टेकवून हलकेच थरथरवला. पाच मिनिटांत वाटीतलं पाणी गुलाबी, मग विटकरी. पाणी बदललं, परत गुलाबी. तिसऱ्या पाण्याला ते करडं झालं आणि तेव्हा कळलं की गुलाल संपला, आता दोन महिन्यांचा मी निघतोय.

मग नळाची बारीक धार. बेझेल धारेखालीच एक पूर्ण फेरी फिरवून घ्यायचं, खालची माती तिथेच वाहून जाते. उजवीकडची चावी (ती स्क्रूसारखी आत बसते) आणि दहा वाजण्याच्या जागेजवळची हेलियम व्हॉल्व्हची (खोल पाण्यात काम करणाऱ्यांच्या घड्याळात शिरलेला हेलियम वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेची) छोटी टोपी, या दोन्हींना ओल्या अवस्थेत हात लावायचा नाही. पाणी कोमटच. गरम पाण्याने आणि वाफेने पाणी अडवणारे रबरी वॉशर फुगतात, मग थंड हवेत आकसतात. शॉवर घेताना घड्याळ नको म्हणतात ते यासाठी. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनसुद्धा वॉशरच्या जवळपास नको, रबर कडक होतं.

खाज आठवड्यात गेली. त्यानंतर मी पंधरा दिवसांतून एकदा, पावसाळ्यात आठवड्याला, एवढंच करतोय.

वाळवणं मात्र धुण्याहून जास्त वेळ खातं, आणि इथे मी बराच काळ घाई करत होतो. टॉवेलने टिपून लगेच डब्यात ठेवलं की सकाळी डब्याच्या मखमलीवर ओला शिक्का. पाणी कड्यांच्या पोटात राहतं. आता मायक्रोफायबरवर टिपतो (पुसत नाही, टिपतो), मग कॅमेऱ्याच्या लेन्सवर हवा मारायचा रबरी फुगा असतो ना, त्याने सांध्यांत आणि बकलच्या बटणाखाली हवा मारतो. थेंब अक्षरशः उडताना दिसतात. नंतर पंख्याखाली रात्रभर. हेअर ड्रायर नको, त्याची गरम हवा थेट काचेखालच्या वॉशरवर येते.

ऑक्टोबरमध्ये अतिउत्साह आला. घड्याळ आणि पट्टा वेगळे करून धुवावेत म्हणून स्प्रिंग बार (पट्टा घड्याळाला धरून ठेवणारी स्प्रिंगची काडी) काढायचं बर्जन कंपनीचं हत्यार मागवलं. हत्यार उत्तम आहे, हात माझा. पट्टा ज्या कानांत अडकतो त्या लगच्या आतल्या बाजूला तीन मिलिमीटरचा ओरखडा पडला आणि स्प्रिंग बार टिंग करून फ्रिजखाली गेला. अर्धा तास पट्टी घेऊन जमिनीवर पालथा. ज्यांना हे करायचंच आहे त्यांनी लगवर आधी चिकटपट्टी लावावी आणि काम पारदर्शक पिशवीच्या आत करावं. मी ते हत्यार मित्राला देऊन टाकलं. क्लॅस्प उघडा असला की ब्रश सगळीकडे पोचतो. पट्टा काढून जास्तीचा जो मळ मिळाला तो चिमूटभरही नव्हता.

माझ्या भागातल्या एका दुकानात सुचवलं होतं की अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या थरथरीने मळ काढणाऱ्या) मशिनमध्ये टाकू, पाच मिनिटांत नवं. अख्खं घड्याळ? हो म्हणे. सुटा पट्टा टाकतात, त्यात गैर नाही. पण त्या थरथरीत घड्याळाचं डोकं गेलं तर आतले बारीक स्क्रू आणि तेल यांचं काय होईल ते बघायला मी थांबलो नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे डिसेंबरपर्यंत मलाही महत्त्वाचं वाटत नव्हतं. नोव्हेंबर तीस दिवसांचा. 1 डिसेंबरला सकाळी तारखेच्या खिडकीत 31, म्हणून चावी उघडून तारीख पुढे घेतली. तेवढ्यात फोन आला. संध्याकाळी वाटीत पाणी, शांपू, ब्रश अशी सगळी तयारी, आणि घड्याळ बुडवता बुडवता अंगठ्याला चावी जरा जास्तच उंच लागली. दिवसभर ती मोकळी लटकत होती. स्क्रूच बसलेला नसेल तर 300 मीटर हा नुसता तबकडीवर छापलेला आकडा. त्या दिवसापासून क्रम ठरला: कोरड्या हाताने चावी आत दाबून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट, मग व्हॉल्व्ह तपासायचा, मगच नळ सोडायचा. ताकद लावून पिळायचं नाही, आटे चढले नाहीत तर उलट फिरवून पुन्हा बसवायचं.

जानेवारीत तारकर्लीला समुद्रात घातलं. खोलीवर येताच साध्या पाण्याखाली धरलं, पण बेझेल फिरवताना किरकिर आवाज. वाळू. मी जोर लावणार होतो, मुलीने हातातून काढून घेतलं आणि वाटीत बुडवून ठेवलं. दहा मिनिटांनी फिरवलं, आवाज गेला. स्विमिंग पूलच्या क्लोरिनच्या पाण्यानंतरही असंच धुवावं लागतं.

हे सगळं स्क्रूच्या चावीच्या, स्टीलच्या पट्ट्याच्या डायव्हर घड्याळाबद्दल आहे. मागच्या झाकणावर 30 मीटर लिहिलेलं ड्रेस वॉच असेल तर ते शिंतोड्यांपुरतं समजा, ओल्या फडक्याच्या पुढे जाऊ नका. चामडी पट्टा भिजवायचाच नाही. जुनं घड्याळ असेल तर वॉशर कडक झालेले असतात, आधी घड्याळजीकडून प्रेशर टेस्ट करून घ्या. माझीही जूनमध्ये करणार आहे, वर्ष होईल तेव्हा.

टूथपेस्टचा उपाय बरेच जण सुचवतात. तो खोटा नाही, पण या काचेसाठी नाही. बाबांच्या एचएमटी जनताची काच ॲक्रिलिकची. तिच्यावरचे ओरखडे ते दंतमंजन लावून बोटाने घासून घालवायचे आणि ती खरंच स्वच्छ व्हायची. सीमास्टरच्या काचेवर बाहेरूनही प्रतिबिंबरोधक थर आहे, पेस्ट आधी तोच ओरबाडेल.

ती जनता अजून चालू आहे, रविवारी सीमास्टर पंख्याखाली वाळत असतं तेव्हा मी ती घालतो. तिला मात्र पाण्याचा थेंब नाही. ओल्या बोटांनी चावी दिलेलीही बाबांना चालायची नाही.