पीएसक्यूएल: दिसायला रुक्ष, कामाला चोख

पोस्टग्रेस या डेटाबेससोबत येणारं, कमांड टाइप करून वापरायचं पीएसक्यूएल हे टूल नवख्याला आधी चकवतं. शेवटचा सेमीकोलन राहिला की क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, चालत नाही आणि एररही येत नाही. फक्त प्रॉम्प्टमधल्या, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या खुणेतल्या, बरोबरच्या चिन्हाजागी डॅश दिसतो. बॅकस्लॅश आर दिलं की अर्धवट क्वेरी पुसली जाते.

रुंद टेबलांसाठी बॅकस्लॅश एक्स ऑटो लावाच, न मावणारा निकाल आपोआप उभा छापला जातो. सीएसव्ही फाइलमधला डेटा टेबलात भरताना नुसती कॉपी कमांड फाइल सर्व्हरवर शोधते. फाइल आपल्या मशीनवर असेल तर बॅकस्लॅश कॉपी, तीही एकाच ओळीत. स्क्रिप्टमध्ये ऑन एरर स्टॉप, म्हणजे एरर आली की थांबायची सेटिंग, चालू नसेल तर एक स्टेटमेंट फसलं तरी पुढची बिनदिक्कत चालतात. हा डीफॉल्ट घातकच म्हणायचा. टॅबचं ऑटोकम्प्लीट? जेमतेम.